विस्तवापाशी भाव नाही

माझ्या भागीदारानं मला फसवलं. मालात किंवा मापात फसवलं असतं, तर मी ते तिथल्या तिथं त्याच्या नरड्यातून काढून घेतलं असतं. माल आणि माप यांत मला फसवणारा माणूस आमच्या भागात अजून निपजायचा आहे. त्यानं मला फसवलं ते डोंगरातल्या एका गुहेत, विस्तवाजवळच्या जागेपायी. ती जागा माझी होती. त्याच्यामुळे ती गेली, आणि का गेली हे जिथं सांगायला हवं तिथं तो आजवर बोललेला नाही.

नवे पैसे चालू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा डिंक आणि चारोळी विकत घेत गावोगाव फिरायचो. किन्हीराजा गावाच्या बाजूच्या डोंगरात धावड्याचा डिंक चांगला निघायचा. तो घ्यायचा आणि डोंगर ओलांडून पायवाटेनं शेलूबाजारच्या बाजाराला न्यायचा, हा माझा धंदा. डोक्यावर टोपली, खांद्यावर तराजू. बापानं माझ्यासाठी दुकान ठेवलं नव्हतं की शेत ठेवलं नव्हतं. आवाज तेवढा मोठा ठेवला होता, आणि त्या आवाजावर मी पोट भरलं. डिंकाचा खडा बोटांत धरला की त्यात साल किती, माती किती हे मला कळायचं. मग मी बोलायला लागलो की समोरच्याला घाम फुटायचा. लोक मला कटकट्या म्हणायचे. माझ्या तोंडावर म्हणायचे. मला राग लवकर येतो, पण या नावाचा कधी आला नाही. कटकट केली नसती तर आजही टोपली डोक्यावरच असती.

ओझं घेऊन ती वाट एका दिवसात सरायची नाही. मुक्कामाला डोंगराच्या माथ्याखाली एक गुहा होती. कोणी कोरलेली नव्हती. काळ्या दगडात डोंगरानंच केव्हातरी जांभई दिल्यासारखी ती उघडी होती. तोंड रुंद, आत छत उंच आणि जमीन कोरडी. डिंक गोळा करणारे, घोंगड्या विकणारे, शेळ्या हाकणारे, मुळ्या उकरणारा एखादा वैदू, असे सगळे पायी चालणारे तिथं टेकायचे.

मी पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा पौषाची थंडी होती आणि दिवस बुडत होता. बोटं वाकत नव्हती. गुहेच्या अगदी तोंडाशी, एका खळग्यात, लहानसा विस्तव होता. त्याच्या आतल्या अंगाला माणसं बसली होती आणि एक म्हातारी काडीनं राख सारखी करत होती. ती खालच्या तांड्यावरची. दिवसभर शेळ्या चारायची, थोडाफार डिंक जमवायची आणि हिवाळाभर हा वाटसरूंचा विस्तव राखायची. हे काम तिच्याकडं कोणी दिलं होतं ते मला कधी कळलं नाही. सगळे तिला माय म्हणायचे.

मी माझ्या सवयीनं बोललो. विस्तवाजवळची जागा मला द्या, माझ्याजवळची तंबाखू सगळ्यांत वाटतो. कोणी जागचं हललं नाही. मी तंबाखूवर गुळाचा खडा चढवला. तेव्हा एक घोंगडीवाला हसला, आणि म्हातारी मान वर न करता म्हणाली, “तुहा गूळ तुह्यापाशी ठेव, बापू. इथं भाव नाई होत. लाकडं आन.”

“किती आनू?”

“पाह्यलं का, माय,” घोंगडीवाला म्हणाला, “हा त लाकडंबी मोजून राह्यला.”

सगळे हसले. मी टोपली आपटली आणि शिव्या देत उतारावर गेलो. ओलं तोडायचं नाही, वाळून पडलेलंच आणायचं, असं मागून तिनं ओरडून सांगितलं, त्यानं आणखी डोकं फिरलं. काटे लागले, सदरा फाटला. मोळी घेऊन वर आलो तोवर अंधारून आलं होतं. येऊन पाहतो तर माणसं मागं सरकली होती आणि विस्तवाच्या अगदी जवळची जागा मोकळी होती. मला वाटलं, धुराची बाजू माझ्या गळ्यात मारली. बसलो तर धूर बाहेर जात होता आणि ऊब सरळ अंगावर येत होती.

तिथला रिवाज तसा होता. जो शेवटी येतो तो सगळ्यांत गारठलेला, म्हणून जवळची जागा त्याची. आधी येऊन शेकले त्यांनी मागं सरायचं. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला माझ्यानंतर एक शेळीवाला आला, तेव्हा घोंगडीवाल्यानं मला कोपरानं ढकललं, तसं कळलं.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. भाकरी खाऊन झाली. ज्वाळ खाली बसली. म्हातारी म्हणाली की आता पाठ टेक. मी पाठ टेकली आणि वर पाहिलं.

गुहेचं छत पेटलं होतं. म्हणजे मला तसंच वाटलं आणि मी उठून बसलो. मग पुन्हा निजलो. त्या काळ्या दगडाच्या पोटात खळगे होते, आणि खळग्याखळग्यात गारांचे, काचेसारख्या दगडांचे, सुळे उगवले होते, खाली तोंड करून, जवारीच्या कणसात दाणे बसतात तसे दाटीनं. दिवसा आत अंधार, त्यामुळे ते दिसायचे नाहीत. कंदील वर धरला तर नुसते मळकट दिसायचे. पण तोंडाशी जमिनीलगत लहान विस्तव असला की त्याचा उजेड तिरपा वर जायचा आणि प्रत्येक सुळ्याच्या कडेला लागायचा. कुठं पांढरा, कुठं पिकल्या बोरासारखा, कुठं डोहाच्या पाण्याचा हिरवा. विस्तव श्वास घेत होता तसं ते छत श्वास घेत होतं. सालईच्या एका ढलप्यानं पेट घेतला, तसा उजेड आतल्या कोपऱ्यापर्यंत धावत गेला आणि माघारी आला. बाहेर आभाळात चांदण्या होत्या, त्या थंड आणि जागच्या जागी. आतल्या आमच्याकडं सरकत होत्या.

त्या वयात मी कोणतीही वस्तू पाहिली की जिभेवर किंमत यायची. बैल पाहिला तरी, देवळाची घंटा पाहिली तरी. त्या दिवशी जिभेवर काहीच आलं नाही. छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की मला भीती वाटली. शेजारचा घोंगडीवाला, जो पुढं बाजारात माझ्याशी हमरीतुमरीवर यायचा, तोंड उघडं टाकून वर पाहत होता. तो किती वर्षांपासून तिथं येत होता, तरी.

त्यानंतर मला त्या विस्तवाची शिस्त आपोआप समजत गेली. तो गुहेत पेटवायचा नाही, तोंडाशीच. धुरानं छत काळं पडतं. मोठा करायचा नाही. एकदा ज्वाळ बसली की कोणी उभं राहायचं नाही, कारण उभ्या माणसाची सावली सगळ्यांच्या छतावर पडते. ज्याला बाहेर जायचं तो रांगत जायचा. मोठ्या मिशांचे बाप्ये रांगत बाहेर जाताना मी पाहिले आहेत आणि त्यांना कोणी हसलं नाही. शेवटी निघणाऱ्यानं निखारे राखेखाली दाबून ठेवायचे, म्हणजे पुढच्याला फुंकर घातली की विस्तव मिळतो. आणि पाणी मारून तो विझवायचा नाही, कधीच नाही. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की दगड फुटतो.

आणि विस्तवापाशी भाव करायचा नाही. टोपलीत काय आहे हेही विचारायचं नाही. चढणीच्या खाली एक वाकडा पळस होता, तिथपर्यंत ही हद्द. मला आणि घोंगडीवाल्याला हे इतकं जड जायचं की सकाळी आम्ही मुक्यानं उतरायचो, पळस दिसला की पावलं उचलायचो आणि झाडाला हात लागला रे लागला की दोघंही एकदम बोलायला लागायचो. एकदा त्यानं झाडाच्या अलीकडंच तोंड उघडलं. मी त्याला मागं वर पाठवलं. तो गेला आणि पुन्हा उतरून आला.

जगात एकच जागा अशी होती की तिथं मला कोणापासून काही वाचवायचं नव्हतं आणि कोणाचं काही काढून घ्यायचं नव्हतं. मी तिथं लहान व्हायचो. पौष आला की धंदा असो नसो, मी त्या वाटेनं जायचो.

पुढं माल वाढला आणि मी एक भागीदार घेतला. तो रिठदच्या बाजूचा, माझ्याच वयाचा, फण्या, मणी, आरसे विकणारा. गोड बोलायचा. मी जिथं आरडाओरड करून काम करायचो तिथं तो हसून करायचा, म्हणून मी त्याला जोडीला घेतलं. माझ्याकडं तेव्हा टोपलीखेरीज काही नव्हतं, तरी मला तो शेट म्हणायचा.

मी त्याला गुहेत नेलं. नवा माणूस पाहिला की म्हातारी एकच प्रश्न विचारायची, “हा कोनाचा?” ज्यानं आणला त्यानं नाव घ्यायचं, आणि मग त्या माणसानं काही केलं तर जबाब आणणाऱ्यानं द्यायचा.

“माहा,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याहून जास्त लाकडं आणली. मागं सरकला, रांगत बाहेर गेला, निखारे दाबताना म्हातारीला हात लावू दिला नाही. रात्री तो छतावरून नजर काढेना. मला अभिमान वाटला, जणू ते छत मीच घडवलं होतं. मी त्याला प्रत्येक रिवाजाचं कारण सांगितलं. पाणी का नाही मारायचं, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पळस ओलांडल्यावर त्यानं विचारलं, जत्रेत असल्या गारांना गिऱ्हाईक किती मिळेल. मी टोपली खाली ठेवली आणि त्याला असं बोललो की शेतातली बाई विळा टाकून उभी राहिली. तो हसला. गंमत केली, शेट, म्हणाला. मला ती गंमत वाटली नाही, पण दिवसभर तो इतका गोड वागला की संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला.

होळीच्या सुमारास सगळे आपापल्या गावी असतात, डोंगर मोकळा असतो. मी बहिणीकडं गेलो होतो. त्या दिवसांत तो एकटाच वर गेला. गुहेच्या आत, बरोबर छताखाली, त्यानं लाकडांचा ढीग रचला आणि पेटवला. छत तापू दिलं. मग शेजारच्या झऱ्याचं पाणी भडाभडा वर मारलं. माझ्याच तोंडून ऐकलेल्या नियमाचं त्यानं हत्यार केलं. छताचा मोठा थर खाली आला. त्यातल्या गारा पोत्यात भरून तो उतरत असताना शेळ्यांमागं जाणाऱ्या म्हातारीनं त्याला गाठलं. पोत्यात काय आहे ते तिनं विचारलं नाही, रिवाज होता. तोच आपणहून बोलला, “शेटनं सांगतलं म्हनून नेऊन राह्यलो, माय. मी त हुकुमाचा मानूस.”

हे मला माहीत नव्हतं. मी होळीनंतर मोळी घेऊन नेहमीसारखा वर गेलो. तिन्हीसांजेची वेळ होती. म्हातारी, घोंगडीवाला आणि दोघं डिंकवाले बसले होते. विस्तव होता. मी शेवटी आलो होतो, तरी कोणी मागं सरलं नाही.

मी विचारलं, काय झालं. म्हातारीनं काडीनं वर दाखवलं. छत काळं ठिक्कर पडलं होतं, मधोमध मोठी खोक, आणि जमिनीवर फुटक्या दगडांचा ढीग. तिनं त्याचे शब्द जसेच्या तसे मला ऐकवले. मी ओरडायला लागलो. मी सांगितलं नाही, मला ठाऊक नाही, मी त्याला याच गोष्टीवरून शिव्या दिल्या होत्या. माझा आवाज त्या गुहेत घुमला आणि मलाच ऐकू आलं की मी उभा राहून, बाजारात बोलावं तसा बोलतो आहे. माझी सावली त्या काळ्या छतावर पसरली होती.

घोंगडीवाला खाली पाहत म्हणाला, “तू कायचाबी भाव करतं. याचाबी केला असशीन.”

त्याला मी मारलं असतं. पण म्हातारी बोलली, आणि ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. “मी विचारलं होतं, हा कोनाचा. तू म्हनला, माहा. आता त्याले इथं घेऊन ये. त्यानं इस्तोपाशी बसून सांगावं कोनं सांगतलं थे. मंग तू बस.”

मोळी तिथंच टाकून मी उतरलो आणि पळसाखाली अंग टाकलं. उजाडल्यावर एकेक जण खाली आला आणि माझ्याकडं न पाहता गेला. सगळे गेले तेव्हा मी पुन्हा वर चढलो. का ते मला सांगता येत नाही. कदाचित नुकसान नीट पाहून घ्यायचं होतं. ते तर मी कशाचंही पाहतो.

ऊन नुकतंच डोंगरावर आलं होतं आणि, हिवाळ्यात कधी येत नाही ते, गुहेच्या तोंडातून आत शिरत होतं. मी त्या खोकीखाली उभा राहिलो. जिथून थर निखळला होता तिथं, आत, आणखी एक पोकळी उघडी पडली होती. घागर मावेल एवढी. तिच्यात गारा होत्या, पण आधीच्या नव्हेत. धूर न लागलेल्या, कोणाच्या नजरेला न पडलेल्या, बारीक, दवासारख्या. डोंगर झाला तेव्हापासून त्या तिथं अंधारात होत्या आणि त्यांच्यावर पडलेला पहिला उजेड आत्ताचा होता. उन्हाची एक तिरीप दगडावरून उडून तिथं पोहोचली आणि ती पोकळी आतून भरली, जशी ओंजळ पाण्यानं भरते.  आम्ही वर्षानुवर्षं ज्याच्याकडं पाहत निजलो ते नुसतं वरचं कवच होतं. त्याच्या मागं डोंगरानं आणखी किती ठेवलं असेल, आणि कोणासाठी? कोणासाठीच नसेल. या विचारानं माझ्या अंगावर काटा आला तो आजही येतो.

खळग्यातल्या राखेतून ऊब येत होती. निखारा दाबलेला होता. एक फुंकर मारली असती, चार काड्या घातल्या असत्या, तर विस्तवाच्या उजेडात ती पोकळी कशी दिसते ते मला पाहायला मिळालं असतं. पाहणारा मी पहिला असतो. मी गुडघ्यांवर बसलो, वाकलोही. पण तो विस्तव माझा राहिला नव्हता. माझी मोळी त्यांनी जाळली नव्हती, तशीच कडेला ठेवली होती. मी उठलो आणि उतरलो.

शेलूबाजारात माझा भागीदार मला सापडला. आरसे मांडून बसला होता. मी त्याची गचांडी धरली आणि म्हणालो, चल वर, माय बसली आहे, तिच्यापुढं बोल. त्यानं भोवती जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि हसून म्हणाला, “दगडाचं काय एवढं, शेट? हिस्सा पाह्यजे त सांग ना.”

लोकांना वाटलं, दोन भागीदार हिश्शावरून भांडताहेत. सगळा बाजार तेच समजला. माझ्यासारखा माणूस आणखी कशावरून भांडणार? लोकांनी आम्हाला सोडवलं, आणि मी जितका ओरडलो तितका तो हिस्सा त्यांना मोठा वाटत गेला.

भागी मोडली. मी पुढं दुकान टाकलं, कोणाच्या मदतीशिवाय. म्हातारी डिंक घेऊन माझ्याच दुकानी यायची. तराजूकडं पाहायचीसुद्धा नाही. एकदा मी तिला विचारलं की माझ्या मापावर विश्वास आहे, मग माझ्या बोलण्यावर का नाही. ती म्हणाली, “तुहं माप खरं हाय. तुहं बोलनंबी खरं असंन. पन जबाब तुह्या मानसाचा बाकी हाय.” डिंक घेताना मी तिच्याशी नेहमीसारखी घासाघीस केली आणि तीही नेहमीसारखी भांडली. त्यात आमचं काही बिघडलं नाही. विस्तवाचं मात्र तिनं अखेरपर्यंत सोडलं नाही. आता तिची सून विस्तव राखते. तिलाही ती अट ठाऊक आहे.

पौषात मी पळसापर्यंत जातो. मोळी खाली ठेवतो. वर जाणारा कोणीतरी ती उचलून नेतो आणि संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी उजेड दिसतो. खालून छत दिसत नाही. वर निजलेल्या माणसांना त्या खोकीतली पोकळी दिसत असेल. ती कशी दिसते हे मी कोणाला विचारलेलं नाही. मला ते ऐकायचं नाही, पाहायचं आहे.

पोरं म्हणतात, सोडून द्या. घोंगडीवालाही म्हातारपणी म्हणाला की चुकलं असेल आमचं, चल वर. मी गेलो नाही. कोणाच्या मेहेरबानीनं मिळालेली जागा मला नको.

माझा तो भागीदार अजून आहे. त्याचं मोठं दुकान झालं आहे, दारात काचेचं कपाट आहे, आणि कपाटात वरच्या फळीवर एक गार ठेवलेली मी रस्त्यावरून पाहिली आहे. दिव्याखाली ती मळकट दिसते. तशीच दिसणार.

म्हणून त्याला हे उघड सांगतो. तुझी गार मला नको, हिस्सा तेव्हाही नको होता. म्हातारीनं विचारलं, हा कोणाचा, तेव्हा मी माझा म्हणालो आणि तुझा जबाब आजवर मी देतो आहे. आता तू दे. येत्या पौषात पळसाखाली ये, वाळलेलं लाकूड आण, वर चल. विस्तवापाशी बस आणि तिच्या सुनेसमोर सांग, ते छत पाडायला तुला कोणी सांगितलं होतं?